ओपन सोर्स लायसन्सचा खटला वाचायचा कसा: शब्द एक, अर्थ दोन

लायसन्सच्या एका दाव्याची प्रत पहिल्यांदा वाचायला घेतली, तेव्हा तिसऱ्याच पानावर अडलो. प्रतिवादी कंपनीने अमुक प्रोग्रामचं 'डिस्ट्रिब्युशन' केलं, असं त्यात होतं. मला वाटलं, कंपनीने स्वतःची लिनक्स डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा स्वतःच्या नावाचा तयार संच, काढली असणार. अर्धा तास ती डिस्ट्रो नेटवर शोधली. वकिलाला एवढंच म्हणायचं होतं, की ज्यांच्या पोटात तो प्रोग्राम आहे अशी यंत्रं कंपनीने लोकांना विकली.

असे दुतोंडी शब्द या खटल्यांत जागोजागी भेटतात. प्रोग्रामर 'एक्झिक्यूट' म्हणतो ते प्रोग्राम चालवण्याला, वकील म्हणतो ते सह्या करून दस्त पुरा करण्याला. 'रिलीज' म्हणजे आमच्याकडे नवी आवृत्ती, त्यांच्याकडे तडजोडीत सोडून दिलेले हक्क. 'नोटीस' ही आमच्याकडे कोडच्या फोल्डरमधली, कोणी वाचत नाही अशी एक मजकुराची फाइल. त्यांच्याकडची नोटीस मात्र सगळं घर वाचतं. 'डिफॉल्ट'कडे शेवटी येतो, कारण त्या एका शब्दात एका कंपनीचे टीव्ही गेले.

ज्यांना कोड वाचता येतो पण दावा वाचता येत नाही, किंवा याच्या उलट, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कागद हातात आल्यावर काय कोणत्या क्रमाने बघायचं, एवढंच सांगतो. हा कायदेशीर सल्ला नाही. तुमच्या नावाने खरंच नोटीस आली असेल तर वाचन थांबवा आणि वकील गाठा.

पायरी पहिली: कोण, कोणावर, कुठे

पहिल्या पानावर वादी, प्रतिवादी आणि न्यायालय यांची नावं असतात. नवखा वाचक पहिली दोन बघतो आणि तिसरं सोडून देतो. तिसऱ्यावरच बरंच अवलंबून असतं. जीपीएल म्हणजे ओपन सोर्सचं एक लायसन्स: प्रोग्राम पुढे दिला तर त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, द्यावा लागतो. त्याचा मजकूर म्युनिकमध्ये आणि कॅलिफोर्नियात अक्षरशः सारखाच असला, तरी कॉपीराइट आणि करार यांचे कायदे प्रत्येक देशाचे वेगळे. पॅरिसमध्ये जो प्रश्न वर्षानुवर्षं अडून बसला, तो म्युनिकमध्ये कोणाला फारसा पडलाच नाही.

जीपीएलची तिसरी आवृत्ती लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. २००७ साली आलेल्या त्या मजकुरात लायसन्सच्या अटी 'डिस्ट्रिब्यूट'वर न बांधता 'प्रोपगेट' आणि 'कन्व्हे' असे दोन शब्द घेतले आहेत आणि त्यांच्या व्याख्या तिथेच दिल्या आहेत. कोणत्याही देशाच्या कायद्यात या शब्दांना आधीचा अर्थ चिकटलेला नसावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून दाव्यात लायसन्सचं नाव दिसलं की आवृत्तीचा आकडाही लगेच टिपून ठेवा. १९९१ ची दुसरी आवृत्ती आणि २००७ ची तिसरी यांत शब्द वेगळे आहेत आणि परिणामही वेगळे आहेत.

प्रतिवादीचं उत्तर आपल्या न्यायालयीन भाषेत 'कैफियत' म्हणून दाखल होतं. एरवी कैफियत म्हणजे गाऱ्हाणं. इथे मात्र गाऱ्हाणं वादीचं आणि कैफियत समोरच्याची, हे सवयीने बसतं.

पायरी दुसरी: दावा लावायचा अधिकार आहे का

या पायरीवर सगळ्यात जास्त लोक घसरतात, आणि त्यांत नावाजलेले प्रोग्रामरही आहेत.

आपण 'लिनक्सचा कॉपीराइट' असं सहज बोलून जातो. तसा एक कॉपीराइट अस्तित्वातच नाही. हजारो माणसांनी ओळी लिहिल्या आणि प्रत्येकाच्या ओळींचा हक्क ज्याचा त्याच्याकडे, किंवा तो जिथे नोकरीला होता त्या कंपनीकडे राहिला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या ग्नू प्रकल्पांपैकी बऱ्याच प्रकल्पांत योगदान देणाऱ्यांकडून हक्क लेखी स्वतःकडे घेतले होते. त्यामुळे डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावताना फाउंडेशनला स्वतःच वादी म्हणून उभं राहता आलं. पुढे मे २००९ मध्ये त्यात तडजोड झाली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, असा एकच धनी नाही.

याची किंमत ख्रिस्तोफ हेलविग यांच्या खटल्यात दिसली. हेलविग हे कर्नलमधले जुने आणि वजनदार प्रोग्रामर. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या उत्पादनात 'व्हीएमकेलिनक्स' नावाचा एक थर होता. लिनक्ससाठी लिहिलेले ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) त्या थराच्या आधाराने कंपनीच्या स्वतःच्या बंदिस्त कर्नलवर चालत. हा थर आणि तो कर्नल मिळून एकच कृती होते का, आणि होत असेल तर सगळंच जीपीएलखाली येतं का, या प्रश्नाकडे जगभरचे लोक डोळे लावून बसले होते. २०१५ मध्ये हॅम्बर्गला दावा दाखल झाला. २०१६ मध्ये तो फेटाळला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आणि त्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने दिलंच नाही.

न्यायालयाने त्याआधीचंच विचारलं: कर्नलमधला नेमका कोणता भाग तुमचा, तो भाग एकटा उचलला तर कॉपीराइट मिळण्याइतका स्वतंत्र आहे का, आणि नेमका तोच भाग प्रतिवादीच्या उत्पादनात दिसतो का? गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्याच्या भांडाराकडे बोट दाखवून ते भागलं नाही.

इथे जरा थांबा, कारण प्रोग्रामरला हे अन्यायाचं वाटतं. गिटमध्ये तर सगळं लिहिलेलं असतं! 'गिट ब्लेम' ही आज्ञा दिली की फाइलच्या प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख येते. पण ते नाव असतं त्या ओळीला शेवटचा हात लावणाऱ्याचं. कोणी चार स्पेस काढून टॅब घातला, किंवा कंस एका ओळीवरून खालच्या ओळीवर नेला, तरी ओळ त्याच्या खात्यावर जमा होते. मूळ कल्पना आणि रचना ज्याची, तो दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, पुरलेला असतो. कमिटची नोंद म्हणजे कर्तृत्वाचा पुरावा, हे आमच्या धंद्यात गृहीत धरलेलं असतं. न्यायालयात ते ओळीओळीने सिद्ध करावं लागतं. खटला वाचताना वादीने हे काम केलं आहे की नाही, ते परिशिष्टात बघा. बाराशे पानांचा गिटचा लॉग जोडला असेल आणि सोबत समजावून सांगणारा तज्ज्ञांचा अहवाल नसेल, तर प्रकरण नाजूक आहे असं मी धरून चालतो.

पायरी तिसरी: कॉपीराइटचा भंग की कराराचा

सगळ्या खटल्यांचा मणका हाच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मित्राने तुम्हाला मोटरसायकल दिली. एकदा तो म्हणाला, 'हेल्मेट घालणार असशील तरच ने.' दुसऱ्यांदा म्हणाला, 'ने, येताना पेट्रोल भरून आण.' पहिल्या वेळी तुम्ही हेल्मेट न घालता निघालात, तर गाडी परवानगीशिवाय नेली असं होतं. दुसऱ्या वेळी पेट्रोल न भरता आलात, तर गाडी परवानगीनेच नेली होती. दिलेला शब्द तेवढा मोडला. पहिली ती अट, दुसरं ते वचन. लायसन्समधलं वाक्य अट आहे की वचन, यावर वादीच्या हातात कोणतं हत्यार येतं ते ठरतं. अट मोडली तर परवानगीच उरत नाही आणि प्रत काढणं हाच कॉपीराइटचा भंग होतो. वचन मोडलं तर करारभंग होतो. मग नुकसान किती झालं ते सांगा म्हणतात, आणि फुकट वाटलेल्या प्रोग्रामचं नुकसान पैशात सांगताना वादीची पंचाईत होते.

हा फरक पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला तो खेळण्यातल्या रेल्वेमुळे. रॉबर्ट जेकबसेन आणि त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी मॉडेल रेल्वे चालवण्यासाठी जेएमआरआय नावाचा प्रोग्राम लिहिला आणि आर्टिस्टिक लायसन्सखाली खुला केला. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या डीकोडरच्या व्याख्या सांगणाऱ्या फाइली आपल्या उत्पादनात घेतल्या. लेखकांची नावं, कॉपीराइटच्या सूचना, मूळ कुठून घेतलं आणि काय बदललं याची नोंद, हे सगळं गळालं. खालच्या न्यायालयाने म्हटलं, हे वचन आहे, फार तर करारभंग होईल. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ते फिरवलं. लायसन्समध्ये परवानगीला जोडून 'अमुक केल्यास' अशा अर्थाचे शब्द होते, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अशा शब्दांनी अट तयार होते. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा काही आर्थिक स्वार्थच नाही, हेही न्यायालयाने मान्य केलं नाही.

म्हणून लायसन्स वाचताना 'केल्यास', 'या अटीवर', 'तरच' अशी जोड देणारे शब्द आधी शोधा. एमआयटीसारख्या दीडशे-पावणेदोनशे शब्दांच्या लायसन्समध्येही ते आहेत. कॉपीराइटची सूचना सोबत ठेवा, ही तिथली एकुलती एक अट.

युरोपात रस्ता वेगळा. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयात हाराल्ड वेल्टे यांनी नेटफिल्टर या लिनक्स कर्नलमधल्या नेटवर्कच्या भागाच्या कोडवरून साइटकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता. तिथला तर्क मला आजही आवडतो. लायसन्स वैध असेल तर तुम्ही त्याच्या अटी मोडल्या आणि तुमचा हक्क संपला. वैध नसेल, तर तुमच्याकडे प्रत काढायची परवानगी कधी नव्हतीच. दोन्हीकडून तुम्ही विनापरवाना. 'जीपीएल न्यायालयात टिकत नाही' असं ठासून सांगणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

फ्रान्समध्ये मात्र दहा वर्षांहून जास्त काळ याच प्रश्नावर घासाघीस झाली. आंत्रुव्हेर या छोट्या सहकारी संस्थेने 'लासो' ही लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड) जीपीएलखाली दिली होती. ती ऑरेंज या दूरसंचार कंपनीने सरकारी पोर्टलच्या कामात वापरली. २०११ मध्ये दावा झाला. तुमच्यात लायसन्सचा करार होता, तेव्हा करारभंगाचाच दावा लावा, कॉपीराइटचा नको, असं पॅरिसच्या न्यायालयांनी सांगितलं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर, कूर द कासासिआँमध्ये, ते उलटलं. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने निव्वळ आर्थिक नुकसानीपोटी ५ लाख युरो मंजूर केले. इतर रकमा वेगळ्या.

आता करार या वाटेने मुद्दाम जाणारे. आर्टिफेक्स कंपनीचा 'घोस्टस्क्रिप्ट' दोन प्रकारे मिळतो: खुल्या लायसन्सवर फुकट, किंवा बंद उत्पादनात घालायचा असेल तर पैसे देऊन. कोरियाच्या हॅनकॉमने तो आपल्या ऑफिस संचात घातला. पैशाचं लायसन्स घेतलं नाही आणि सोर्सही दिला नाही, असा आरोप होता. करारावर आम्ही सही कुठे केली, असा हॅनकॉमचा सवाल. पण आम्ही घोस्टस्क्रिप्ट जीपीएलखाली वापरतो असं कंपनीनेच जाहीर लिहिलं होतं, असं दाव्यात म्हटलं होतं. एप्रिल २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने करारभंगाचा दावा पुढे चालू दिला. पुढच्या पायऱ्यांसाठी हे 'पुढे चालू दिला' लक्षात ठेवा.

आणि या सगळ्यांत नवी युक्ती विझिओच्या खटल्याची. २०२१ च्या ऑक्टोबरात सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने टीव्ही बनवणाऱ्या विझिओवर कॅलिफोर्नियात दावा लावला. संस्था तिथे कोडची मालक म्हणून आलेली नाही. टीव्ही विकत घेतलेला ग्राहक म्हणून आली आहे. युक्तिवाद असा: जीपीएल हा कोड लिहिणारा आणि विझिओ यांच्यातला करार, पण तो केला आहे यंत्र घेणाऱ्याच्या फायद्यासाठी. अशा माणसाला कायद्यात 'तृतीय पक्ष लाभार्थी' म्हणतात. दोघांच्या करारात ज्याचं भलं ठरवून लिहिलेलं असतं, तो तिसरा. आमच्या भाषेत 'थर्ड पार्टी' म्हणजे बाहेरून आणलेली लायब्ररी. पुन्हा तोच घोळ.

हे कॉपीराइटचंच प्रकरण आहे, ते संघीय न्यायालयात जायला हवं, असं म्हणत विझिओने खटला तिकडे हलवला. या हलवण्याला 'रिमूव्हल' म्हणतात. प्रोग्राम काढून टाकण्याशी त्याचा संबंध नाही. मे २०२२ मध्ये संघीय न्यायाधीशांनी तो राज्याच्या न्यायालयात परत पाठवला. सोर्स देण्याचं वचन ही कॉपीराइटच्या पलीकडची वेगळी गोष्ट आहे, असं कारण दिलं. या परत पाठवण्याला 'रिमांड' म्हणतात. मराठी कानाला रिमांड म्हटलं की पोलीस कोठडी आठवते, म्हणून सांगितलं.

पायरी चौथी: यंत्राच्या पोटात काय आहे

आता कीबोर्डकडे. आमच्यासारखे लोक लायसन्स तपासतात म्हणजे नेमकं काय करतात, ते एकदा बघा, मग दाव्यातली तांत्रिक परिशिष्टं वाचता येतील.

उत्पादकाच्या साइटवरून फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेल्या प्रोग्रामची, फाइल उतरवायची. ती एक बंद गठडी असते. 'बिनवॉक' नावाचं साधन ती चाचपून सांगतं, की इथे कर्नल आहे, इथून पुढे 'स्क्वॉशएफएस' प्रकारात दाबलेली फाइलव्यवस्था आहे. ती उलगडली की नेहमीचे फोल्डर दिसतात. मग एखाद्या बायनरीवर, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात कंपाइल केलेल्या प्रोग्रामवर, 'स्ट्रिंग्ज' ही आज्ञा चालवायची. ती बायनरीतला वाचता येणारा मजकूर बाहेर काढते. शेकडो ओळी निरर्थक सरकतात आणि मध्येच एक स्पष्ट ओळ येते: बिझीबॉक्स, आवृत्तीचा आकडा, आणि कंसात बिल्डची तारीख-वेळ. बिझीबॉक्स म्हणजे युनिक्सच्या डझनावारी छोट्या आज्ञा एकाच बायनरीत कोंबलेला प्रोग्राम, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. नाव पुसायचं कोणाला सुचलेलं नसतं. अमेरिकेतले सुरुवातीचे जीपीएलचे दावे बिझीबॉक्सवरून झाले, यात नवल नाही. त्यातला पहिला, मॉन्सून मल्टिमीडियावरचा, २००७ चा.

त्या ओळीने एवढंच सिद्ध होतं, की प्रोग्राम आत आहे. भंग सिद्ध व्हायला पुढचा प्रश्न विचारावा लागतो: सोर्स मिळतो का?

दुसऱ्या आवृत्तीचं तिसरं कलम इथे शब्दाशब्दाने वाचा. सोर्स म्हणजे फक्त सी भाषेतल्या फाइली नव्हेत. त्यात सगळी मॉड्यूल, इंटरफेसच्या व्याख्यांच्या फाइली, आणि कंपाइल व इन्स्टॉल करण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट येतात. सोर्स यंत्रासोबत दिला नसेल तर निदान तीन वर्षं वैध असलेला लेखी प्रस्ताव हवा, आणि तो 'कोणत्याही तृतीय पक्षाला' खुला हवा. विझिओच्या खटल्यातला तिसरा माणूस लायसन्समध्येच कसा उभा आहे, ते इथे दिसतं.

कागदावर हे सरळ आहे. मी एकदा एका राउटरवाल्या कंपनीला प्रस्तावात दिल्याप्रमाणे ईमेल लिहिला. तीन आठवडे काही नाही. मग एक दुवा आला. दाबलेली फाइल उघडली तर आत कर्नलचा मूळ सोर्स, कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवता येईल असा. त्यांनी घातलेल्या ड्रायव्हरचं नाव नाही, कॉन्फिगरेशनची फाइल नाही, बिल्डची स्क्रिप्ट नाही. 'मेक' ही बिल्डची आज्ञा दिली आणि पाचव्या मिनिटाला 'फाइल सापडली नाही' म्हणून बंद पडलं. पुन्हा लिहिलं. दुसरी गठडी आली. तिच्यात स्क्रिप्ट होती, पण ती कोणा कर्मचाऱ्याच्या घरच्या फोल्डरचा पत्ता शोधत होती. पत्ता बदलून पुन्हा चालवलं, तर या वेळी कंपायलरच त्यांच्याकडचा खास निघाला. दाव्यात 'पूर्ण आणि अनुरूप सोर्स' असे चार शब्द असतात. प्रत्यक्षात ती अशी आठवडेच्या आठवडे चालणारी पत्रापत्री असते. चांगल्या दाव्यात तिच्या तारखा क्रमाने दिलेल्या असतात. मी तर दाव्याचं वाचन त्या यादीपासूनच सुरू करतो.

सोर्स मिळाला, कंपाइल झाला, आणि यंत्राने तो घेतलाच नाही तर? काही उत्पादक फक्त आपल्या गुप्त किल्लीने सही केलेलं फर्मवेअरच चालू देतात. टिव्हो या रेकॉर्डरवरून या प्रकाराला 'टिव्होकरण' असं नाव पडलं. तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या यंत्रांपुरती 'इन्स्टॉलेशनची माहिती' देणं सक्तीचं केलं. कर्नल आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे. आवृत्तीचा आकडा टिपून ठेवा म्हटलं ते यासाठीही.

पायरी पाचवी: 'आधारित' म्हणजे किती आधारित

स्टॅटिक लिंकिंग म्हणजे लायब्ररी तुमच्या बायनरीत शिजवून एकजीव करणं. डायनॅमिक म्हणजे ती वेगळी ठेवून चालवताना हाक मारणं. प्रोग्रामर मंडळी यावर रात्र-रात्र वाद घालतात. न्यायाधीशाच्या कायद्यात लिंकिंग हा शब्दच नसतो. तिथे 'साधित कृती' असते: मूळ कृतीवरून बेतलेली नवी कृती, जशी कादंबरीवरून नाटक. जीपीएलची दुसरी आवृत्ती 'प्रोग्रामवर आधारित कृती' म्हणते आणि तिची व्याख्या पुन्हा कॉपीराइट कायद्याकडेच टोलवते. लिंकिंगचा प्रकार हा पुराव्याचा एक तुकडा आहे, निकाल नाही. 'डायनॅमिक आहे, मग आपण सुटलो' असं बैठकीत कोणी म्हणालं, तर ते त्याचं मत समजा.

शेजारचा खटला म्हणून ओरॅकल विरुद्ध गूगल माहीत असावा. तो लायसन्सच्या अटींवरून नव्हता, जावाच्या एपीआयवरून, म्हणजे तयार फंक्शनांना हाक मारायच्या ठरलेल्या पद्धतीवरून, होता. फंक्शनचं नाव आणि मापदंड सांगणाऱ्या 'घोषणा' वेगळ्या, आणि प्रत्यक्ष काम करणारा कोड वेगळा, ही विभागणी तिथे केंद्रस्थानी होती. सुमारे ११,५०० ओळी घोषणांच्या. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ती नक्कल 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर, ठरवली. घोषणांना कॉपीराइट असतो की नाही, यावर मात्र बोलायचं टाळलं आणि वादापुरतं 'असतो' असं धरलं. एपीआयला कॉपीराइट नाही असा निकाल लागला, असं सांगणारे लेख अजून फिरतात. ते चूक आहेत.

पायरी सहावी: लायसन्स संपलं कधी

दुसऱ्या आवृत्तीत अट मोडली की हक्क आपोआप संपतो. कोणी कळवायची गरज नाही. तिसरीत सुधारायला वाव आहे: भंग थांबवला आणि ६० दिवसांत हक्कधारकाने काही कळवलं नाही तर हक्क कायमचा परत मिळतो. पहिलीच चूक असेल तर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली तरी चालतं. २०१७ मध्ये कर्नलच्या अनेक प्रोग्रामरनी जाहीर निवेदन काढून ही सवलत दुसऱ्या आवृत्तीच्या आपल्या कोडलाही दिली. त्यामागे एक कारण होतं. जर्मनीत काही दावेदार आधी 'पुन्हा करणार नाही, केल्यास इतका दंड' असं लिहून घेत आणि मग पुढची बारीक चूक शोधून तो दंड मागत. नेटफिल्टरच्या मुख्य गटाने २०१६ साली आपल्यातल्याच एकाला अशा तक्रारींवरून निलंबित केलं होतं.

हक्क संपल्याचा मुद्दा घेऊन स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्रामचे कर्ते २०२१ मध्ये चेसबेसविरुद्ध म्युनिकला गेले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. वर्षभर स्टॉकफिश असलेली उत्पादनं विकायची नाहीत, त्यानंतर हक्क पुन्हा मिळेल, असं त्यात ठरलं.

पायरी सातवी: मागितलंय काय

दाव्याच्या शेवटची मागणी बऱ्याचदा सगळ्यात बोलकी असते. मनाई हुकूम म्हणजे विक्री थांबवा. प्रत्यक्ष पूर्तता म्हणजे पैसे नकोत, ठरलेलं ते द्या. विझिओकडे हेच मागितलं आहे, सोर्स. नुकसानभरपाईत अमेरिकेत एक 'वैधानिक' प्रकार आहे. नुकसान मोजून दाखवायची गरज नाही, कायद्याने आखलेल्या मर्यादेत न्यायालय रक्कम ठरवतं.

मनाई हुकूम आपोआप मिळतो असं समजू नका. जेकबसेन अपिलात जिंकले. तरी प्रकरण खाली परत आल्यावर, भरून न येणारं नुकसान दाखवलं नाही म्हणून २००९ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम नाकारला गेला. शेवट २०१० मध्ये तडजोडीने झाला. बातम्यांत हे शेपूट सहसा येत नाही.

पायरी आठवी: कागद कोणत्या टप्प्यावरचा आहे

मघाशी आर्टिफेक्सचा दावा 'पुढे चालू दिला' म्हटलं. त्या दिवशी मथळे आले, की जीपीएल हा करार असल्याचं न्यायालयाने ठरवलं. न्यायालय म्हणालं होतं एवढंच: वादीने सांगितलेलं तूर्त खरं धरलं, तर दावा उभा राहतो. दावा काढून टाकण्याचा अर्ज फेटाळणं म्हणजे वादीला खेळायला मैदान देणं, सामना जिंकणं नव्हे. त्याच्या पुढचा टप्पा 'संक्षिप्त निकाल': घडलेल्या गोष्टींवर खरा वादच नाही, तेव्हा साक्षीपुरावा न घेता निकाल द्या, अशी मागणी. विझिओने ती केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती नाकारली गेली. हाही अंतिम निकाल नव्हे.

आणि आता 'डिफॉल्ट'. आमच्यासाठी डिफॉल्ट म्हणजे काही न बदलता जे असतं ते. न्यायालयात डिफॉल्ट म्हणजे पक्षकाराने पाठ फिरवणं. २००९ च्या डिसेंबरात बिझीबॉक्सवरून न्यूयॉर्कमध्ये १४ कंपन्यांवर दावा झाला. त्यांतल्या वेस्टिंगहाउस डिजिटलने मध्येच प्रतिसाद द्यायचं सोडलं. जुलै २०१० मध्ये तिच्याविरुद्ध एकतर्फी निकाल गेला: मनाई हुकूम, जाणूनबुजून भंग म्हणून तिप्पट करून ९० हजार डॉलर, वकिलांचा खर्च, आणि बिझीबॉक्स असलेले उरलेले टीव्ही वादीच्या हवाली. हा निकाल 'जीपीएलचा मोठा विजय' म्हणून सांगितला जातो. समोर युक्तिवाद करायला कोणी नव्हतंच, तेव्हा लायसन्सच्या अर्थावर त्यातून फार काढू नका.

बहुतेक प्रकरणं इथवर येतच नाहीत. मॉन्सूनवरचा दावा सप्टेंबरात लागला आणि ऑक्टोबर संपायच्या आत मिटला. तडजोडीच्या अटी पुष्कळदा गुप्त राहतात, त्यामुळे वाचायला निकालपत्रच नसतं. अशा वेळी कंपनीच्या साइटवर सोर्सची फाइल चढली का, एवढंच बघावं. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचं तसंच झालं. २००३ मध्ये नुसत्या दबावानेच, न्यायालयाची पायरी न चढता, त्याच्या फर्मवेअरचा सोर्स बाहेर आला. लोकांनी तो उचलून त्यावर स्वतःची फर्मवेअर रचायला घेतली. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी उभा राहिला, आणि त्या नावातलं 'डब्ल्यूआरटी' आजही त्याच राउटरच्या मॉडेल क्रमांकातलं आहे.